कायद्याचे कान

मोटारसायकलीला मराठीने जे पहिले घरगुती नाव दिले ते तिच्या वेगावरून नव्हे, रूपावरूनही नव्हे. ते तिच्या आवाजावरून दिले. ‘फटफटी’ हा शब्द ज्या कोणी प्रथम उच्चारला असेल त्याने त्या वाहनाचे सारे व्यक्तिमत्त्व एका पुनरुक्तीत पकडले. हिंदीभाषकांनी तिला ‘फटफटिया’ म्हटले. दिल्लीत, महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांना मागे आसने जोडून ज्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या, त्यांनाही लोक ‘फटफट’च म्हणत. १९९८ साली त्या गाड्या राजधानीच्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. मात्र ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या गेल्या त्या धुरापायी, आवाजापायी नव्हे. धूर डोळ्यांस दिसतो, भिंतींवर काजळी धरतो, वैद्याला फुप्फुसात सापडतो. आवाज उठतो आणि विरतो. तक्रार घेऊन जाणारा मनुष्य चौकीच्या पायरीवर पोहोचेपर्यंत त्याच्या तक्रारीचा विषय हवेत मिसळून गेलेला असतो. वाहनांच्या आवाजाला बांध घालण्याचा उद्योग कायद्याने गेली शंभराहून अधिक वर्षे चालविला आहे, आणि त्या उद्योगातील बहुतेक साऱ्या अडचणींचे मूळ या एकाच गोष्टीत आहे. तो आवाज ऐकावयाचा कोणी, कोठे, आणि कशाने?

या इतिहासाचा आरंभ मोठा विपरीत आहे. कायद्याने प्रथम वाहनाला गप्प राहण्यास सांगितले नाही. आवाज करण्यास सांगितले. इंग्लंडात १८९६ साली यांत्रिक वाहनांवरील जुनी जाचक बंधने उठविण्यात आली, तेव्हा त्या कायद्याने अशा प्रत्येक वाहनावर घंटा किंवा पुरेशी सूचना देणारे दुसरे एखादे साधन असलेच पाहिजे असे बजावले. घोडे बुजत, पादचारी रस्त्याच्या मधोमध चालत, आणि न सांगता मागून येणारे वाहन हेच त्या काळी भय होते. पुढे रबरी फुग्याचा भोंगा आला, मग विजेचा. मोटारीवरील भोंग्यासाठी आज जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत त्याचा आवाज ठरावीक अंतरावर एका किमान मर्यादेइतका भरला पाहिजे अशी अट आहे. आपल्याकडील मालमोटारींच्या पाठीवर रंगविलेले ‘हॉर्न ओके प्लीज’ हे त्याच जुन्या आज्ञेचे देशी रूपांतर म्हणावयास हरकत नाही. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ साली ती अक्षरे लिहिण्यास मनाई केली, कारण त्यांमुळे मागच्या चालकास विनाकारण भोंगा वाजविण्याची चिथावणी मिळते. अक्षरे काही लगेच पुसली गेली नाहीत.

भोंगा हा वाहनाचा हेतुपुरस्सर आवाज. त्याहून अवघड प्रकरण आहे ते यंत्राच्या स्वाभाविक आवाजाचे. इंजिनाच्या नळकांड्यात इंधनाचा स्फोट होतो, दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि जळालेला वायू बाहेर पडण्यासाठी झडप उघडते, तेव्हा त्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो एकदम मोकळा झाला की प्रत्येक वेळी एक लहानसा बार उडतो. सायलेन्सर म्हणजे या वायूला बाहेर सोडण्यापूर्वी एका प्रशस्त कोठडीत फिरवून, आडपडद्यांवर आपटवून, त्याचा आवेश उतरविण्याची युक्ती. पण युक्तीची किंमत द्यावी लागते. वायूच्या वाटेत अडथळा आला की इंजिनाची थोडी शक्ती खर्ची पडते. म्हणून आरंभीच्या मोटारींवर ‘कट-आउट’ नावाची एक झडप बसविलेली असे. चढण लागली की चालक ती उघडी, वायू सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे, आणि गाडी सारा परिसर दणाणून सोडीत वर चढे. चढण संपल्यावर झडप बंद करावयाची असा संकेत होता. तो संकेत किती जण पाळीत असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. इंग्लंडात १९१२ साली कट-आउटच्या वापरास मनाई करणारा हुकूम काढावा लागला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

सरे परगण्यातील ब्रुकलँड्स येथे १९०७ साली मोटारींच्या शर्यतींसाठी खास रस्ता बांधण्यात आला. शेजाऱ्यांनी आवाजाविरुद्ध न्यायालयाची वाट धरली, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात तेथे धावणाऱ्या प्रत्येक गाडीला मोठ्या डब्यासारखा सायलेन्सर सक्तीचा झाला. गंमत अशी, की शेजाऱ्यांच्या शांततेसाठी जन्माला आलेला हा ‘ब्रुकलँड्स कॅन’ थोड्याच दिवसांत शौकिनांच्या मोटारसायकलींवर शोभेसाठी मिरवू लागला. शर्यतीच्या गाडीचे चिन्ह म्हणून! आवाज दाबण्याचे साधनही आवाजाच्या हौसेची निशाणी होऊ शकते, हे मनुष्यस्वभावाचे कोडे त्या काळापासूनचे आहे.

इंग्लंडात १९२९ साली वाहनांच्या ‘अतिरिक्त आवाजा’विषयी स्वतंत्र नियम झाले. १९३४ साली तेथील वाहतूकमंत्री होर-बेलिशा यांनी रात्री साडेअकरापासून सकाळी सातपर्यंत वस्तीत भोंगा वाजविण्यास बंदी केली. आरंभी लंडनपुरती, मग सर्वत्र. या सर्व नियमांत एकही अंक नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आवाज ‘अतिरिक्त’ आहे की नाही हे ठरविणारे साधन एकच होते. पोलिसाचे, साक्षीदाराचे आणि अखेर न्यायाधीशाचे कान.

हीच भाषा समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आली. १९१४ च्या मोटार कायद्याची जागा १९३९ च्या अधिक विस्तृत कायद्याने घेतली, आणि वाहनाच्या बांधणीविषयी, भोंग्याविषयी, आवाजाविषयी तपशीलवार नियम करण्याचे काम त्याने प्रांतिक सरकारांवर सोपविले. बंगालने १९४० साली आपले नियम केले. त्यांतील ११४ व्या नियमाने अनेक सुरांचा भोंगा, तसेच अवाजवी कर्कश, तीक्ष्ण, मोठा किंवा दचकविणारा आवाज करणारे कोणतेही साधन वाहनावर बसविण्यास मनाई केली. विशेषणांची ही माळ वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे स्वतंत्र भारताच्या केंद्रीय नियमांत ती जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे.

नियम झाला आणि कपाटात गेला. साठ-सत्तरच्या दशकांत मालमोटारींवर व बसगाड्यांवर दाबलेल्या हवेचे भोंगे आले. त्यांच्या एका हाकेने रस्त्याकडेची झोपलेली मुले दचकून उठत. कायद्याने ज्याला कान द्यावयाचा, त्याच्याकडे अंमलदारांनी कानाडोळा केला. शेवटी काही नागरिक कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. (नगराचे नाव २००१ साली बदलले, न्यायालयाचे मात्र जुनेच राहिले आहे.) ‘रबीन मुखर्जी विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ या नावाने १९८५ च्या निर्णयसंग्रहात ते प्रकरण आढळते. नागरिकांचे मागणे साधे होते. आम्हांस नवा कायदा नको. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जो केला आहे तो पाळून दाखवा. न्यायालयाने ते मान्य केले, आणि असले भोंगे वाहनांवरून काढविण्याविषयी सरकारी यंत्रणेस आदेश दिले. ध्वनिमापकाचा आकडा नाही, प्रयोगशाळेचा दाखला नाही. कर्कश म्हणजे काय, हे कलकत्त्याच्या कोणत्याही रहिवाशास यंत्रावाचून कळते, एवढ्या भरवशावर हा निर्णय उभा आहे. आमच्या मते या विषयातील भारतीय निर्णयांत त्याचे स्थान पुष्कळ वरचे आहे. त्यापुढील कित्येक मोठ्या निर्णयांहूनही वरचे.

परंतु कानाच्या न्यायात एक उणीव आहेच. एकाचा ‘कर्कश’ तो दुसऱ्याचा ‘खणखणीत’. गाडी बनविणाऱ्या कारखानदाराला तर विशेषणांनी काम भागत नाही. त्याला नळी किती लांब आणि कोठडी किती रुंद करावयाची हे ठरवावे लागते. म्हणून जगभर आकड्यांचा शोध सुरू झाला. इंग्लंडात सर ॲलन विल्सन यांच्या समितीने १९६३ साली आपला अहवाल दिला. तिच्या कामासाठी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या मंडळींनी जो प्रयोग केला, तो मोठा उद्बोधक आहे. श्रोत्यांना धावपट्टीच्या कडेला बसविले, त्यांच्यापुढून एकामागून एक वाहने नेली, आणि प्रत्येक आवाज शांत, सह्य, गोंगाटाचा की अति गोंगाटाचा, एवढेच त्यांच्याकडून लिहून घेतले. त्याच वेळी यंत्रावर डेसिबल टिपले. दोन्ही ताळे जुळवून, कोणत्या आकड्याला माणूस कपाळाला आठी घालतो, ते काढले. म्हणजे आकडा हा कानाचा शत्रू नव्हे. तो कानाच्याच साक्षीतून काढलेला आहे. पुढे ही गोष्ट लोक विसरले.

मोजणीची पद्धतही त्याच सुमारास पक्की झाली. १९६४ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे मोकळ्या मैदानात एक सरळ पट्टी आखावयाची. तिच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर ध्वनिग्राहक ठेवावयाचा. वाहन साधारणतः ताशी ५० किलोमीटर वेगाने आणावयाचे, आणि पट्टीत शिरताच पूर्ण वेगवर्धन देऊन वीस मीटरपर्यंत तसेच दामटावयाचे. या क्षणात जो सर्वांत मोठा आकडा दिसेल तो त्या वाहनाचा आवाज. युरोपीय आर्थिक समुदायाने १९७० साली मोटारींस व मालमोटारींस, आणि १९७८ साली मोटारसायकलींस, अशा मोजणीवर मर्यादा घालून दिल्या. डेसिबलचा हिशेब नेहमीच्या बेरजेने चालत नाही, हे येथे सांगून ठेवावे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती सुमारे दुप्पट होते, दहा वाढले की दसपट. त्यामुळे ८० वरून ७७ वर येणे हे कागदावर क्षुल्लक दिसले, तरी शक्तीच्या हिशेबाने तो आवाज निम्म्यावर आलेला असतो.

भारतात आकड्यांचे युग १९९० साली आले. त्यापूर्वी १९८८ चा मोटार वाहन कायदा व १९८९ चे केंद्रीय नियम झालेले होते. त्यांतील १२० वा नियम सायलेन्सरची व्याख्या करतो. विस्तार-कोठडीच्या साहाय्याने किंवा अन्य प्रकारे वायूच्या उत्सर्जनाचा आवाज ‘व्यवहार्य असेल तितका’ कमी करणारे ते साधन, असे त्याचे म्हणणे आहे. १९९० साली पर्यावरण संरक्षण नियमांखाली प्रत्यक्ष मर्यादा आल्या. मोटारसायकल, स्कूटर व तीनचाकी यांस ८० डेसिबल. प्रवासी मोटारीस ८२. बारा टनांवरील जड वाहनांस ९१. पुढे २००३ च्या आरंभापासून दुचाकींचे त्यांच्या इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे तीन वर्ग झाले. ८० घनसेंटिमीटरपर्यंत ७५ डेसिबल, त्यावर १७५ पर्यंत ७७, आणि त्याहून मोठ्या गाडीस ८०. प्रवासी मोटारीची मर्यादा ७५ झाली व २००५ पासून ७४. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत नव्या वाहनांची ही परीक्षा होते, आणि ती उत्तीर्ण झाल्यावाचून वाहनाचा नमुना बाजारात येऊ शकत नाही. पंधरा वर्षांच्या आत मोटारीचा आवाज कागदावर आठ डेसिबलने उतरला, ही कामगिरी लहान नव्हे; अभियंत्यांनी तिच्यासाठी घाम गाळलेला आहे.

मात्र या मर्यादांच्या मथळ्यात दोन शब्द आहेत, आणि साऱ्या कथेची मेख त्या दोन शब्दांत आहे. ‘उत्पादनाच्या टप्प्यावर’. कायद्याने आकडा मिळविला तो कारखान्याच्या दाराशी. तेथे मैदान मोकळे आहे, वारा शांत आहे, भिंतीवरून परतणारा प्रतिध्वनी नाही, आणि शेजारून दुसरे वाहन जात नाही. यांपैकी एकही गोष्ट कोणत्याही भारतीय रस्त्यावर मिळावयाची नाही. परिणामी असे झाले, की कारखान्यात कायद्याला अत्यंत सूक्ष्म कान फुटले, आणि रस्त्यावर मात्र तो १९४० च्याच कानांनी ऐकत राहिला. १९८९ च्या रस्ते-नियमांतील एकविसावे कलम वाचून पाहावे. विनाकारण वा सतत भोंगा वाजवू नये, शांतता क्षेत्रात वाजवू नये, कट-आउट वापरू नये, अनेक सुरांचा कर्कश भोंगा लावू नये, धावताना अवाजवी आवाज करणारे वाहन चालवू नये, दचकविणारा आवाज करणारा सायलेन्सर असलेले वाहन चालवू नये. सारी विशेषणेच! आणि २०१९ च्या दुरुस्तीने मूळ कायद्यात जे नवे कलम आले, त्यातही भोंग्याच्या जोडीला कट-आउट पुन्हा हजर आहे. दंड पहिल्या वेळी एक हजार, पुढे दोन हजार रुपये. चढणीवर उघडावयाची ती पितळी झडप आज कोणत्या मोटारीवर सापडावयाची? जुन्या वस्तूंच्या संग्रहालयातच.

तरीही ते कलम मृत झालेले नाही, हेच खरे नवल. कारण कट-आउट नाव बदलून परत आला आहे. १९५५ साली मद्रासेत एन्फील्डच्या मोटारसायकली बनू लागल्या. एका नळकांड्याच्या त्या चार-घाती इंजिनाचे ठोके इतके सावकाश पडतात की कानाला ते सुटे सुटे मोजता यावेत. त्या आवाजावर तीन पिढ्या लुब्ध झाल्या, आणि त्यात गैर काही नाही. कारखान्यातून निघणारी गाडी परीक्षा उत्तीर्ण होऊनच निघते. पुढे धनी तिला गल्लीतल्या कारागिराकडे नेतो, मूळ सायलेन्सर काढून टाकतो, आणि आतून पोकळ अशी नळी बसवून घेतो. काहींना एवढ्यानेही समाधान होत नाही. इंधनाचा अर्धवट जळालेला भाग नळीत पेटवून फटाक्याचे बार काढण्याची कलाही रस्त्यावर उपलब्ध आहे. साडेसात मीटरवरच्या त्या मोजणीचा सारा ताळेबंद अशा रीतीने अर्ध्या तासात रद्द होतो. यंत्रविद्येच्या दृष्टीने पाहिले तर ही पोकळ नळी म्हणजे कायमचा उघडा ठेवलेला कट-आउटच होय. जुन्या झडपेला निदान चढणीची सबब तरी होती.

अमेरिकेने या गोष्टीवर एक उपाय योजला होता. तेथील पर्यावरण खात्याच्या १९८० च्या नियमांनी मोटारसायकलीस मर्यादा घालून दिली, शिवाय गाडीवर आणि बदलीच्या नळीवरही नियमपालनाची खूण उमटविण्याची सक्ती केली. म्हणजे पोलिसाने ऐकावयाचे नाही, वाचावयाचे. कल्पना नामी होती. पण १९८२ च्या सुमारास त्या खात्याच्या ध्वनिविभागाचा पैसाच तोडण्यात आला, आणि खुणा वाचणारे कोणी उरले नाही.

आपल्याकडे शिक्षेची तरतूद कमी पडते असे म्हणता येणार नाही. आवाजाचे मानक मोडणारे वाहन चालविल्यास १९८८ च्या कायद्याने प्रथम एक हजार रुपये दंड सांगितला होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि परवान्यास तीन महिन्यांची अपात्रता, इतकी ती शिक्षा वाढली. परवानगीवाचून वाहनात फेरफार करणाऱ्या धन्यास प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वाहनाचे मूळ स्वरूप कारखानदाराच्या वर्णनाविरुद्ध बदलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सांगितले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने २०२१ साली बदललेल्या सायलेन्सरांच्या गोंगाटाची दखल स्वतःहून घेतली. गावोगावचे पोलीस जप्त केलेल्या नळ्या रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवितात. वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. नळी चिरडली जाते. ती बनविणारा आणि विकणारा मात्र त्या छायाचित्रात कधी दिसत नाही.

आता हे सर्व कोणासाठी, हा प्रश्न विचारावयास हवा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणावर जो विस्तृत निर्णय दिला, त्याच्या मुळाशी एका अभियंत्याचा अर्ज होता. शेजारच्या ध्वनिवर्धकाच्या दणदणाटात एका अत्याचारग्रस्त मुलीच्या किंकाळ्या कोणालाही ऐकू गेल्या नव्हत्या, ही त्या अर्जामागची घटना. शांततेची मागणी म्हणजे सुखवस्तू मंडळींचे लाड, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य लक्षात आणावे. गोंगाटात हरवते ती केवळ झोप नव्हे, हाकही हरवते. जगण्याच्या अधिकारात नको असलेला आवाज न ऐकण्याचा अधिकार सामावलेला आहे असे सांगून न्यायालयाने, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात निवासी भागांत अपवादात्मक प्रसंगावाचून भोंगा वाजवू देऊ नये, असा निर्देश दिला. २०१० साली तो नियमांतही आला.

तथापि आकड्यांचा एक विसंवाद त्यानंतरही राहिलाच आहे. २००० सालच्या नियमांनी निवासी भागास रात्री ४५ डेसिबल व रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रास ४० डेसिबल अशी मर्यादा सांगितली. आणि वाहनाच्या नियमांप्रमाणे पूर्ण वेगवर्धनातील मोठी मोटारसायकल ८० डेसिबलपर्यंत कायदेशीर आहे. पहिला आकडा काळाची सरासरी घेऊन काढावयाचा व दुसरा क्षणाचा, हे खरे. परंतु ३५ डेसिबलांचे अंतर म्हणजे शक्तीच्या हिशेबाने तीन हजार पटींहून अधिक. जागे झालेल्या रुग्णाला सरासरीचा काय उपयोग? तो क्षणानेच जागा झालेला असतो.

यंत्राचे कान रस्त्यावर आणण्याचे प्रयोग अलीकडे सुरू झाले आहेत. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही चौकांतील सिग्नलांस ध्वनिमापक जोडून पाहिले. भोंग्यांचा कल्लोळ ८५ डेसिबलांवर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शिक्षा सर्वांस सारखी, हा तिच्यातील विनोद आणि दोषही. पॅरिसमध्ये २०२२ पासून अनेक ध्वनिग्राहकांचे असे यंत्र खांबावर बसवून पाहण्यात आले, की ते आवाजाची दिशा शोधते व त्या वाहनाचे चित्र टिपते. विजेच्या गाड्यांनी तर चक्र पुरते उलट फिरविले आहे. त्या इतक्या मुक्याने येतात की अंध पादचाऱ्यांस त्यांची चाहूल लागत नाही. म्हणून युरोपात २०१९ पासून अशा नव्या नमुन्यांच्या गाड्यांनी मंद वेगात कृत्रिम आवाज केलाच पाहिजे असा नियम झाला. घंटेची आज्ञा देणारे १८९६ चे कायदेपंडित आज असते तर त्यांस हे वाचून आश्चर्य वाटले नसते.

ही यंत्रे आपल्या चौकाचौकांत येतील तेव्हा येतील. तोवर रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या कोपऱ्यावर उभा असलेला शिपाई हाच कायद्याचा कान आहे. त्याच्यापाशी मोकळे मैदान नसते, बहुधा मापकही नसते. पण त्याच्या हाती ‘कर्कश’, ‘अवाजवी’, ‘दचकविणारा’ हे शब्द आहेत, आणि ते शब्द पुरेसे आहेत असे कलकत्त्याच्या न्यायालयाने १९८५ सालीच मानले आहे.